वाढपी चौसष्ट, पळी एक

शनिवारी रात्री आम्ही एका संस्थेचा डेटाबेस १६ कोरच्या जुन्या सर्व्हरवरून ६४ कोरच्या नव्या सर्व्हरवर हलवला. (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग.) पहाटे चारला काम उरकलं, चहा घेतला आणि घरी गेलो. सोमवारी अकराच्या सुमारास फोन आला. "साहेब, जुनंच बरं होतं की हो." मला वाटलं, गंमत करतायत. तर नाही. काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाचं काम पूर्वी चुटकीसरशी व्हायचं, त्याला आता आठ-दहा सेकंद लागत होते. सर्व्हरवर लॉगिन करून पाहिलं. सीपीयू निम्माही वापरात नाही, डिस्क निवांत, मेमरी भरपूर मोकळी. म्हणजे दुखणं आहे, पण एकाही तपासणीत सापडत नाही, अशी गत.

हा डेटाबेस पोस्टग्रेस या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी नावाचा एक व्ह्यू, म्हणजे तयार तक्ता, असतो. कुठलं कनेक्शन या क्षणी कशासाठी थांबलंय ते त्यात दिसतं. मी तो उघडला. शेकडो ओळी, आणि बहुतेक ओळींपुढे एकच नाव: प्रॉकअरेलॉक. लॉक म्हणजे एकाचं काम चालू असताना बाकीच्यांना थांबवणारी कडी; ही कशाची, ते पुढे येईलच. यंत्र चौपट मोठं आलं म्हणून कुणीतरी उत्साहानं ॲप्लिकेशनच्या बाजूनं कनेक्शनची मर्यादाही वाढवून ठेवली होती. चारशेची चौदाशे. ती सगळी एकाच दाराशी ताटकळत होती.

लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची संख्या सोळावरून चौसष्टवर नेली, पण आमटीच्या पातेल्यात पळी एकच ठेवली तर काय होईल? पंगत लवकर उठणार नाहीच, उलट पातेल्याभोवती इतकी गर्दी होईल की ज्याच्या हातात पळी आहे त्यालाही बादली भरून बाहेर पडता येणार नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. कोर वाढवून वेग वाढला नाही, असं बरेच जण सांगतात. कोर वाढवल्यामुळे वेग घटला, हे सांगितलं तर खरेदी समितीतल्या माणसांचा विश्वास बसत नाही.

हिशेब जुना आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच तो मांडला होता. कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागोमाग एकच करावा लागत असला, तर ६४ कोर लावून वेग जेमतेम १५ पट होतो. आणि कितीही कोर लावले तरी २० पटीच्या पुढे जातच नाही. तोच भाग १ टक्क्यावर आणला तर त्याच ६४ कोरांवर वेग ३९ पटींच्या आसपास जातो. म्हणजे यंत्राला हातही न लावता, फक्त सॉफ्टवेअरमधली ती ४ टक्क्यांची रांग मोडून, अडीच पट फायदा. आता बाजारात एका सॉकेटमध्ये, म्हणजे एका चिपच्या खाचेत, १९२ कोर मिळतात. २०१७ मध्ये एएमडीच्या सर्व्हर चिपमध्ये ३२ होते. चिप बनवणारे आपलं काम करतायत. प्रश्न पळ्यांचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या लॉकांचा आहे, आणि पळ्या कोण करून देतं, त्याला पातेलं कोण दाखवतं, हा माझ्या मते तांत्रिक नव्हे, सार्वजनिक प्रश्न आहे.

आधी मायएसक्यूएल या दुसऱ्या ओपन सोर्स डेटाबेसकडे बघू, कारण ही गोष्ट तिथे फार उघडपणे घडली. २००५ च्या सुमारास दोन-दोन कोरच्या चिपा सर्रास मिळू लागल्या, आणि सन कंपनीनं तर ८ कोर आणि ३२ थ्रेडची, म्हणजे कामाच्या ३२ धाग्यांची, चिप आणली. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे माहिती साठवणारं इंजिन फिनलंडच्या हेइक्की तूरी यांनी लिहिलेलं. काम चोख, पण एक-दोन प्रोसेसरच्या जमान्यातलं. त्यात वाचन-लेखनाचा लॉक घ्यायचा तर आधी त्या लॉकची राखण करणारा दुसरा लॉक घ्यावा लागे. देवळात जायला चप्पल ठेवायची रांग, आणि त्या रांगेचं टोकन घ्यायला आणखी एक रांग. गूगलमधल्या इंजिनिअरांनी ती मधली रांग काढून टाकली आणि थेट प्रोसेसरच्या अविभाज्य, म्हणजे मधे कुणी घुसू न शकणाऱ्या, सूचना वापरल्या. मायएसक्यूएलची आपली आवृत्ती काढणाऱ्या परकोना कंपनीची मंडळीही त्याच काळात अशीच दुरुस्ती करत होती. गूगलचा तो बदल २००९ मध्ये इनोडीबीत आला. २०१० च्या डिसेंबरात आलेल्या ५.५ आवृत्तीत बफर पूलचे, म्हणजे डिस्कवरची माहिती हाताशी ठेवणाऱ्या मेमरीचे, अनेक भाग करायची सोय झाली. 'कर्नल म्युटेक्स' नावाचा सगळ्यात बदनाम लॉक मात्र २०१३ च्या ५.६ मध्ये फोडला गेला.

याच मायएसक्यूएलमध्ये क्वेरी कॅशे होता. तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पुन्हा आली की तयार उत्तर हातावर ठेवायचं. ऐकायला किती छान! पण त्याला राखणदार लॉक एकच, आणि टेबलात एक ओळ बदलली की त्या टेबलाची सगळी साठवलेली उत्तरं रद्द. एका कोरवर वरदान, सोळा कोरवर डोकेदुखी. कित्येक वर्षं आमच्यासारख्यांचा पहिला सल्ला "ते आधी बंद करा" हाच असे. २०१८ च्या ८.० आवृत्तीत तो मुळापासून काढला. सोय काढून टाकल्यानं वेग वाढतो, हे वरिष्ठांना समजावताना मी किती घसा कोरडा केला असेल.

यात एक गोष्ट नजरेत भरते. या दुरुस्त्या कुणाला सुचल्या? ज्यांच्याकडे मोठी यंत्रं होती आणि त्या यंत्रांवर खराखुरा भार होता, त्यांना. घरी चार कोरच्या लॅपटॉपवर बसून कितीही हुशार माणसानं कोड वाचला तरी त्याला ही रांग दिसत नाही, कारण तिथे ती लागतच नाही. कोड उघडा असणं ही अर्धी गोष्ट झाली. ज्या यंत्रावर तो अडखळतो ते यंत्रही कुणीतरी उघडं करावं लागतं.

पोस्टग्रेसच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. २०११ च्या आसपास रॉबर्ट हास हे एंटरप्राइजडीबी या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर वाचनाचा वेग मोजत होते. ३२ कोरचं यंत्र त्यांना एका ओळखीच्यानं वापरायला दिलं होतं. उसनं. त्यावर दिसलं ते असं: पोस्टग्रेसमध्ये साधी सिलेक्ट, म्हणजे नुसती वाचणारी, क्वेरीसुद्धा टेबलावर एक हलका लॉक घेते, 'मी वाचतोय, तोवर टेबल काढून टाकू नका' एवढंच सांगणारा. या लॉकांची नोंदवही १६ भागांत विभागलेली होती. पण सगळे जण एकच टेबल वाचत असतील तर सगळ्यांची नोंद एकाच भागात. एकमेकांशी भांडणच नसलेली माणसं केवळ हजेरी लावायला रांगेत उभी. उपाय असा निघाला की असले हलके लॉक प्रत्येक प्रक्रियेनं आपापल्या वहीत लिहावेत. टेबलावर खरोखरच मोठा बदल करणारा कुणी आला तर त्यानं सगळ्यांच्या वह्या तपासाव्यात. रोजच्या हजारो जणांचा त्रास वाचवून क्वचित येणाऱ्या एकावर तो टाकायचा. मला हे फार आवडतं. आपल्या सरकारी कचेऱ्यांत नेमकं उलटं असतं.

ती रांग मोडल्यावर मागची दिसली. क्वेरीची आखणी करताना पोस्टग्रेस दर वेळी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, 'ही फाइल केवढी आहे?' तेवढ्या एका प्रश्नासाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, त्या फाइलीवर लॉक घेत होता. एमआयटीतल्या संशोधकांनी ४८ कोरच्या यंत्रावर हीच गोष्ट २०१० मध्ये टिपली होती. लिनक्सच्या ३.२ आवृत्तीत, २०१२ च्या सुरुवातीला, ती सुधारली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोस्टग्रेसची ९.२ आवृत्ती आली तेव्हा ६४ कोरपर्यंत वेग सरळ रेषेत वाढतो आणि सेकंदाला साडेतीन लाखांपर्यंत वाचनं होतात, असं प्रकल्पानं जाहीर केलं. यामागे उसन्या ३२ कोरांचा वाटा किती, हे कुठल्या अंदाजपत्रकात दिसणार?

(त्या 'आपापल्या वही'त जागा फक्त १६ नोंदींची होती. भरपूर पार्टिशनं, म्हणजे तुकडे, असलेल्या टेबलांना ती पुरत नसे, मग पुन्हा जुनी रांग. ही मर्यादा २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत सैल झाली. एक रांग मोडायला तेरा वर्षं.)

आता आमच्या सोमवारच्या प्रॉकअरेलॉककडे येतो. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, ही त्याची ख्याती. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीला एक छायाचित्र घ्यावं लागतं: या क्षणी कोणकोणते व्यवहार चालू आहेत? म्हणजे सगळ्या कनेक्शनच्या यादीवरून नजर फिरवायची. या यादीचा राखणदार लॉक म्हणजे प्रॉकअरेलॉक. कनेक्शन ५० असतील तर कळतही नाही. १४०० असतील, त्यांतली बहुतेक झोपलेली असली तरी, यादी १४०० ची. त्यात आणखी एक गोम होती. प्रत्येक प्रक्रिया यादीतल्या आपल्या जागी काहीबाही लिहीत राही, आणि बाकीच्यांना वाचायची असलेली माहिती त्या लिखाणाच्या अगदी शेजारीच होती. प्रोसेसरचा कॅशे, म्हणजे त्याची जवळची छोटी मेमरी, एकेक बाइट हलवत नाही, ६४ बाइटची ओळ हलवतो. शेजारच्यानं अक्षर खोडलं की तुमच्या हातातला कागदही शिळा ठरतो, नवा मागवा. एका सॉकेटमध्ये हे खपून जातं. दोन सॉकेटच्या यंत्रात तो कागद पलीकडच्या इमारतीतून आणावा लागतो. आमचं जुनं यंत्र एका सॉकेटचं होतं, नवं दोन सॉकेटचं.

मायक्रोसॉफ्टमधले आंद्रेस फ्रॉइंड यांनी २०२० मध्ये याची चिरफाड करून मांडणीच बदलली. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत ती आली. आमची संस्था १२ वर होती. या फ्रॉइंड यांचं नाव पुढे वेगळ्याच कारणानं गाजलं. २०२४ च्या मार्चमध्ये पोस्टग्रेसची मोजमापं घेताना त्यांना दिसलं की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायला, उगाच अर्धा सेकंद जास्त लागतोय. ते त्याच्या मागे लागले आणि एक्सझेड या डेटा आवळणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. मोजायची खोड असलेला एक माणूस नसता तर तो किती सर्व्हरांत गेला असता कोण जाणे.

तर प्रश्न असा की पुढच्या रांगा कोण मोडणार, आणि त्या मोडल्याचा लाभ कुणाला?

आज मोठी यंत्रं आणि मोठा भार या दोन्ही गोष्टी प्रामुख्यानं क्लाउड, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या, कंपन्यांच्या घरात आहेत. त्यांनी ओपन सोर्सला खूप दिलंय; फ्रॉइंड यांचं उदाहरण आताच सांगितलं. पण सगळंच दिलेलं नाही. ॲमेझॉनची ऑरोरा सेवा मायएसक्यूएलच्या पायावर उभी राहिली, तिचा बदललेला कोड मात्र बाहेर नाही. यात बेकायदा काही नाही. मायएसक्यूएलचा परवाना सांगतो की सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर कोडही द्या. सेवा म्हणून चालवलंत तर ती अट लागत नाही. पोस्टग्रेसचा परवाना तर त्याहून उदार. ओरॅकलनंही मायएसक्यूएलचा थ्रेड पूल, म्हणजे नेमकं हजारो कनेक्शनांची गर्दी आवरणारं साधन, पैसे मोजणाऱ्या आवृत्तीपुरतं ठेवलं. मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या भावंडानं आपला वेगळा लिहिला आणि परकोनानं तो आपल्याकडे घेतला म्हणून बाकीच्यांना मिळाला. ज्याच्याकडे यंत्र त्याला आधी रांग दिसते, आणि दिसलेली रांग सांगायची की नाही हेही तोच ठरवतो.

भारत सरकारनं २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. सरकारी प्रणालींत ओपन सोर्सला प्राधान्य द्या, ही त्यातली मुख्य गोष्ट. चांगलंच आहे. पण मी ज्या टेंडरांच्या बैठकांना बसलो तिथे या धोरणाचा अर्थ एकच लावला जाई: लायसन्सचे पैसे वाचले. वाचलेले पैसे मग जात ते कोरांत. "पुढची पाच वर्षं बघायला नको," म्हणून गरजेच्या तिप्पट. कोडमध्ये काय चाललंय ते बघणाऱ्या माणसाला त्या कागदात ओळच नसते, कारण माणूस हा वस्तू म्हणून खरेदी करता येत नाही आणि त्याला तीन वर्षांची वॉरंटीही नसते.

माझी मागणी छोटी आहे. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनही २०१५ मध्येच सुरू झालं. ते राबवण्याचं काम पुण्याच्या सी-डॅककडे आणि बेंगळुरूच्या आयआयएससीकडे सोपवलं गेलं. त्यांतून किंवा राज्याच्या एखाद्या डेटा सेंटरमधून दोन-चार मोठे, दोन सॉकेटचे सर्व्हर बाजूला काढा. ते ओपन सोर्स डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही आठवडा-आठवडा अख्खे वापरायला द्या: मधे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्राची सॉफ्टवेअरनं केलेली नक्कल, नको, रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार हवेत, प्रोसेसरचे मोजणी-काउंटर उघडे हवेत. अट एकच, जे मोजाल ते प्रसिद्ध करा. पुण्यात एंटरप्राइजडीबीचं केंद्र आहे. पोस्टग्रेसच्या समांतर क्वेरीवर हास यांच्याबरोबर काम केलेले अमित कपिला भारतातलेच. आयआयटी मुंबईच्या प्रा. सुदर्शन यांचं डेटाबेसवरचं सहलेखनातलं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं. माणसं नाहीत असं म्हणायची सोय नाही.

यंत्रापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे भाराचा नमुना. पोस्टग्रेससोबत पीजीबेंच नावाचं मोजमापाचं साधन येतं. त्यात एक काल्पनिक बँक आहे: शाखा, रोखपाल, खाती. न बदलता चालवलं तर शाखा एकच असते, आणि प्रत्येक व्यवहार त्या एका शाखेच्या शिलकीची ओळ बदलतो. मग कोर १९२ असोत, ओळ एक, रांग एक. नवखे लोक हमखास इथे फसतात. मी हसायचो, पण एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच पाहिलं, प्रत्येक पावतीला 'रोकड खातं' ही एकच ओळ बदलणारं. तिथे डेटाबेसचा काडीचाही दोष नव्हता. म्हणून आपल्याकडचे भार कसे असतात ते मांडायला हवं: निकालाच्या दिवशी एक वाजता येणारी झुंबड, ३१ मार्चची रात्र, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेची संध्याकाळ. खऱ्या माणसाची एकही नोंद न देता या गर्दीचा आकार तेवढा देता येतो. किती वाचनं, किती लेखनं, एकाच ओळीवर किती. असा नमुना उघड्यावर असेल तर अमेरिकेतला किंवा जर्मनीतला माणूसही तो चालवून बघेल आणि आपली रांग मोडून देईल, फुकट.

यावर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण म्हणून झालंय. क्लाउडवर तासाच्या भाड्यानं १९२ कोर मिळतात की! मिळतात, आणि स्वस्तात भागत असेल तर जरूर घ्या. पण एकच चाचणी पन्नासदा, महिनोन्‌महिने, त्याच यंत्रावर करायची तर भाडं विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. शिवाय कुठली मेमरी कुठल्या सॉकेटजवळ आहे हे व्हर्च्युअल मशीनमध्ये बऱ्याचदा झाकलेलं असतं, आणि आमच्या सोमवारचं कारण तर तिथेच होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एवढं मोठं एक यंत्र हवंच कशाला, कामाची वाटणी दहा लहान यंत्रांवर करा. गूगलच्या आकाराच्या कंपनीला ते बरोबर आहे. तालुक्याच्या पतसंस्थेला, जिल्हा परिषदेला, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला नाही. दहा यंत्रांत वाटलेला डेटाबेस सांभाळायला रात्री दोनला उठणारी माणसं लागतात, आणि त्यांच्याकडे एक असतो, तोही कंत्राटी. त्यांच्यासाठी एक बरं यंत्र आणि त्यावर नीट पळणारं सॉफ्टवेअर हाच शहाणा मार्ग आहे. अनेक कोरांवरचं हे काम खरं तर छोट्यांसाठीच जास्त गरजेचं आहे, मोठे आपलं बघून घेतात.

सोमवारचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुपारी पीजीबाउन्सर, म्हणजे कनेक्शनांना बाहेर थांबवून मोजकीच आत सोडणारा दारवान, मधे बसवला आणि चौदाशे कनेक्शनांना आत शंभरच जागा दिल्या. दहा मिनिटांत काउंटर मोकळे. हा पीजीबाउन्सर स्वतः एकाच थ्रेडवर चालतो, म्हणजे ६४ कोरांची कोंडी एका कोरवर चालणाऱ्या दारवानानं फोडली. महिन्याभरानं त्यांना १४ वर नेलं. या सगळ्याचं बिल माझ्या तीन दिवसांच्या मजुरीएवढं झालं आणि हिशेबनिसांनी त्यावरही दोन शंका काढल्या. परवा त्यांच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा बघायला मिळाला. त्यात ९६ कोरच्या सर्व्हरची तरतूद आहे.